इनासभाऊंचे पाहुणे

इनास मच्याडो या माणसाशी माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण मी काढलं होतं. सत्त्याण्णव साली अल क्वोजमधल्या एका पॅकर्स-मूव्हर्स कंपनीत मला कागदपत्रांची नोकरी लागली. दुबई सोडून जाणाऱ्या लोकांची घरंच्या घरं खोक्यांत भरायची आणि त्यांच्या त्यांच्या देशात पाठवायची, हा आमचा धंदा. पहिल्याच दिवशी टॉयलेट शोधत मी गोडाऊनच्या मागच्या अंगाला गेले, तर तिथे सावलीत एक कुत्रं उभं. कुत्रं कसलं, हाडांचा सापळा! बरगड्या लांबून मोजून घ्याव्यात, पोट पाठीला लागलेलं, पाय काटक्यांसारखे. आणि त्याच्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ कानामागे पेन्सिल खोचून आरामात फळीला रंधा मारतायत.

माझं डोकंच फिरलं. "शरम नहीं आती? खाना नहीं देते क्या इसको?"

त्यांनी रंधा खाली ठेवला, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं आणि मराठीत म्हणाले, "मॅडम, आत्ताच अर्धी कोंबडी आणि वाडगाभर भात झालाय त्याचा. तुमचं जेवण झालं का?"

मी आल्या पावली परत फिरले. टॉयलेट कुठे आहे ते विचारायचंसुद्धा राहून गेलं.

ते कुत्रं सलुकी होतं. ही इथली शर्यतीची जात. हिवाळ्यात वाळवंटात त्यांच्या शर्यती लागतात. गाडीमागे काहीतरी बांधून ओढतात आणि ही त्याच्यामागे जीव खाऊन पळतात. अंगावर मांस कसं ते नसतंच त्यांच्या, धावण्यासाठीच केलेली जात. चार-पाच वर्षांची झाली किंवा पाय मोडला, की खलास, निवृत्त. काही मालक त्यांना मरेपर्यंत सांभाळतात, काही नाही सांभाळत. अशी न सांभाळलेली कुत्री मिसेस वॉर्ड नावाची एक इंग्लिश बाई गोळा करायची. त्यांना दत्तक घेणारं घर मिळेपर्यंत ती कुणाकुणाकडे ठेवायला द्यायची. इनासभाऊ तिचं घर बांधायला गेले होते. 'बांधणं' म्हणजे आमच्या भाषेत पॅक करणं. ती एका व्हिलातून दुसऱ्या व्हिलात चालली होती आणि तिच्याकडे त्या वेळी सहा कुत्री होती. सामान हलेपर्यंत आठवडाभर एक तुमच्याकडे ठेवता का, म्हणाली. हे बरं म्हणाले. त्या एका आठवड्याची पुढे चांगली दहा-बारा वर्षं झाली.

या कुत्र्यांना ते 'पाहुणे' म्हणायचे. "पाहुण्याचं नाव बदलायचं नाही," हा त्यांचा नियम. "नाव ठेवलं की आपलं वाटायला लागतं. मग गेला की त्रास."

इनासभाऊ मूळचे वसईचे. ऐंशी साली दुबईत आले, सुतार म्हणून. मी आले तेव्हा पॅकिंग सुपरवायझर होते. पियानो असो, झुंबर असो, आजीच्या काळातलं घड्याळ असो, ते नुसतं एकदा भोवती फिरायचे, टेप लावायचे आणि अशी पेटी ठोकायचे की आतली वस्तू जर्मनीपर्यंत एक सूतभर हलायची नाही. बायको रेजिना आणि दोन मुलं वसईला. फॅमिली विसा मिळावा एवढा पगार त्यांचा कधी झालाच नाही. स्वतः गोडाऊनमध्येच राहायचे, पोटमाळ्यावरच्या खोलीत. एकदा सही घ्यायला मी वर गेले होते. एक खाट, एक टेबलफॅन, येशूची तसबीर, आणि फ्रॉकमधली एक मुलगी व दात पडलेला एक मुलगा असा फोटो. मी म्हटलं, गोड आहेत हो मुलं, कितवीत? तर म्हणाले, "मुलीचं लग्न झालं गेल्या वर्षी. फोटो बदलायचा राहिलाय."

या शर्यतीच्या कुत्र्यांना काय येत नाही ते ऐकलंत तर हसाल. सगळा जन्म पिंजऱ्यात आणि वाळूत गेलेला, त्यामुळे त्यांना जिना माहीत नाही, काच माहीत नाही, पंखा माहीत नाही. फरशीवर उभी राहिली की थरथर कापतात. माणसाच्या घरात राहायचं कसं ते सगळं शिकवावं लागतं. इनासभाऊंच्या खोलीला चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना होता आणि प्रत्येक पाहुण्याची शाळा तिथेच भरायची. हे कुत्र्याच्या मागे ओणवे होऊन त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचे. "आता हा उजवा. आता डावा. आता मागचा. विचार करू नको, विचार केलास की पडशील." तीन-तीन दिवस हे चालायचं. मल्याळी पॅकर आणि पठाण ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन बघत उभे. कुणी फिदीफिदी हसलं की हे मान वर न करता हिंदीत सुनवायचे, "हँसो मत रे. तू पहली बार एस्केलेटर पे चढा था, तब मेरा शर्ट किसने पकडा था?"

काचेची भानगड वेगळी. आमच्या रिसेप्शनच्या काचेच्या दरवाजावर एक पाहुणा धाडकन आपटला आणि त्याचं नाक फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते, तर सगळ्या काचांवर तपकिरी पॅकिंग टेपच्या फुल्या! आमचा लेबनीज मॅनेजर कपाळाला हात लावून उभा. "इनास, हबीबी, हे ऑफिस आहे का खोकं?" त्याने टेप काढायला लावली. दुसऱ्या दिवशी परत फुल्या. पुन्हा काढली, पुन्हा फुल्या. इनासभाऊंचा आवाज कधी चढला नाही, पण टेपही कधी उतरली नाही. शेवटी मॅनेजरनेच हात टेकले.

कुत्र्यांशी ते मराठीतच बोलायचे. त्यामुळे झालं काय, एक कुत्री जर्मनीत एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंकडे दत्तक गेली आणि आठ दिवसांनी बाईंचा ऑफिसात फोन. कुत्री चांगली आहे, पण बहिरी दिसते, काहीच ऐकत नाही. मिसेस वॉर्ड घाबरली. इनासभाऊंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "मॅडम, प्लीज से, 'ये'. से, 'बस'." पलीकडून त्या बाई फोनवरच "ये, ये" करायला लागल्या आणि मग एकदम किंचाळल्या. कुत्री आली होती! तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याच्या कागदांबरोबर आठ मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून जायला लागले, आणि ते टाइप करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. ये, बस, थांब, चल, नको, जेव, झोप, शाब्बास. मी कधीकधी वैतागायचे, पण करायचे.

माणसं ओळखण्याची त्यांची एक रीत होती. म्हणायचे, घर बांधायला गेलं की माणूस कळतो. कोण आधी काय गुंडाळायला देतं, कोण काय कचऱ्यात टाकतं, ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दत्तक मागणाऱ्यांना मात्र ते एकच प्रश्न विचारायचे. दुपारी तीन वाजता घरी कोण असतं?

दुबई मरीनात तेव्हा नुकते टॉवर उभे राहत होते. तिथल्या एका जोडप्याला कुत्री हवी होती. मिसेस वॉर्डला ताप आला होता, म्हणून इनासभाऊंबरोबर मी गेले. सव्विसावा मजला, खाली पाणी, पांढरे गालिचे, नवराबायको दोघंही वागायला अगदी गोड. इनासभाऊंनी प्रश्न विचारला. ती म्हणाली, आम्ही दोघंही सातला येतो, पण वेळेवर आपोआप खाणं पडेल असं मशीन आणलंय. हे उठलेच. "थँक यू," म्हणाले आणि कुत्रीला घेऊन लिफ्टकडे चालायला लागले. मला इतकं कानकोंडं झालं! लिफ्टमध्ये मी चिडूनच म्हटलं, "इनासभाऊ, तुमच्याकडे तरी तीन वाजता कोण असतं हो? तुम्ही खाली फळ्या ठोकत असता."

"मी ठोकतो ते तिला वर ऐकू येतं ना," ते म्हणाले.

 तळमजला येईपर्यंत मी लिफ्टचे आकडे बघत राहिले.

ती कुत्री म्हणजेच रीम. दोन हजार एकमध्ये आली तेव्हाच आठेक वर्षांची होती, थोबाड पांढरं, मागचा डावा पाय मोडून वाकडा जुळलेला. अशी कुत्री कोण घेणार? लोकांना तरुण, चमकदार कुत्री हवी असतात. पाहुणे आले, गेले, रीम राहिली. लंगडत लंगडत त्यांच्या मागे गोडाऊनभर फिरायची. त्यांनी करवत धरली की भुशात बसायची, आणि तो भुसा अंगावर घेऊनच माझ्या ऑफिसात यायची. मला कुत्र्यांची भीती वाटते, आजही वाटते, पण रीमची नाही वाटली कधी. इथे चर्चमधली रविवारची मिस्सा शुक्रवारी असते. इनासभाऊ मिस्साला जायचे, तेवढा वेळ ती चौदाव्या पायरीवर बसून फाटकाकडे बघत राही. मग चर्चमधून येताना ते फोनकार्ड घेऊन यायचे आणि ऑफिसच्या बाहेरच्या बूथवरून वसईला फोन लावायचे. बायकोशी त्यांच्या गावच्या बोलीत, त्यातलं अर्धं मला कळायचं नाही. नातवाला रिसीव्हर दिला की तो म्हणायचा, "हॅलो ग्रँडपा, हाऊ आर यू," आणि पुढे त्या पोराला काही सुचायचं नाही, यांनाही काही सुचायचं नाही. कार्ड संपायच्या आधीच बोलणं संपायचं. हे बूथला टेकून उभे आणि रीम त्यांच्या बुटांवर.

मिसेस वॉर्डने एक दिवस दत्तकाचा फॉर्म आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "इनास, शी इज युवर्स. सही कर आणि मोकळा हो." त्या फॉर्मची शेवटची ओळ मला पाठ आहे, कारण दत्तक घेणाऱ्या प्रत्येकाला इनासभाऊ ती बोट ठेवून वाचून दाखवायचे. मी जिथे राहायला जाईन तिथे या कुत्र्याला बरोबर नेईन, त्याच्या मरणापर्यंत. आता त्यांच्यावर वेळ आली, तर गृहस्थाने फॉर्म घडी करून खणात टाकला. मी म्हटलं, करा की सही, कोण बघायला येतंय? तर माझ्यावर असे डोळे वटारले की बस्स. अठ्ठावन्न वर्षं झाली होती त्यांना. साठीला विसा संपणार, मग वसई. रीमला तिथे नेता येणार असेल तरच सही, नाही तर नाही.

म्हणून त्यांनी घरी विचारलं. काय उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी मला खिळे ठोकता ठोकता सांगितलं.

"रेजिना म्हणाली, तेवीस वर्षांत आम्हांला एकदा तिकडे नेलं नाहीत, आणि आता कुत्रीला घरी आणता?"

"अगं बाई! मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बरोबर बोलली ती." त्यांनी आणखी दोन खिळे ठोकले. "मुलीच्या लग्नाला मी आठ दिवस होतो. लोक मला विचारत होते, तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे. आता मी कुठल्या तोंडानं हट्ट करू?"

मी त्या रेजिनाला कधी पाहिलं नाही. आधी मला तिचा राग आला, आणि मग तिची बाजू आठवून तो गेला. अल मनखूलमधल्या माझ्या दोन खोल्यांत रात्री घरचे सगळे एका ताटाशी असायचे. मला दोघांच्याही बाजूने वाईट वाटून घेणं परवडत होतं, त्यांना नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी खणातला फॉर्म काढला, कोराच मिसेस वॉर्डला परत दिला आणि रीमसाठी घर बघा म्हणाले. घर मिळालंसुद्धा. त्याच जर्मनीतल्या मास्तरीणबाई. पहिल्या कुत्रीला सोबत हवी होती, म्हाताऱ्या कुत्रीचं त्यांना काही वाटत नव्हतं, त्या दिवसभर घरी असायच्या आणि त्यांना आठ शब्द मराठी येत होतं. नावं ठेवायला जागाच नव्हती. इनासभाऊंनी फार शोधली असावी, पण सापडली नाही.

पेटी त्यांनी स्वतः केली. कुत्र्याच्या पेटीचा विमानकंपनीचा नियम सोपा आहे, आत त्याला ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, आडवं होता आलं पाहिजे. इतक्या पाहुण्यांच्या पेट्या त्यांनी केल्या होत्या, एक कधी परत आली नव्हती. फ्रँकफर्टला जाणाऱ्या एका प्रवाशाच्या तिकिटावर रीमचं बुकिंग झालं. आणि इनासभाऊ बाहेर गाडीपाशी थांबले असताना कार्गोच्या काउंटरवर तिची पेटी नाकारली! तिचं डोकं छताला लागत होतं. थोडंथोडकं नाही, चांगली चार बोटं पेटी बुटकी पडली होती. प्रवासी गेला, रीम परत गोडाऊनमध्ये.

मिसेस वॉर्ड भडकली. मॅनेजर हसला. पॅकर आपसांत कुजबुजले. तेवीस वर्षांत ज्याचं माप सूतभर हललं नाही, त्याची पेटी चार बोटं बुटकी? कुणालाच पटेना. मलाही नाही पटलं. मी आपलं सरळ जाऊन विचारलं, "इनासभाऊ, मुद्दाम केलंत ना? मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही."

त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "माप चुकलं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, खोटं बोलतायत. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. चुकीच्या मापाने का होईना, म्हातारी आणखी पंधरा दिवस राहिली.

दुसरी पेटी त्यांनी दोन दिवसांत केली, आणि ती चांगली उंच केली. इनासभाऊ त्यानंतर वर्ष-दीड वर्ष दुबईत होते. मग विसा संपला आणि ते वसईला गेले. त्या वेळी मी सुट्टीवर होते, भेट झाली नाही. फोन एकदा आला होता, मुलगा नवीन घर बांधतोय, फरशी बसवायला मी मदत करतोय, असं सांगत होते. पण मला ते आठवतात ते त्या शुक्रवार सकाळचे, रीम गेली तेव्हाचे.

मिस्सा बुडवून ते आले होते. कागद माझ्याकडे होते म्हणून मीही होते. काउंटरवरचा कार्गो ऑफिसर तोच, आधीचा, आमचाच कुणीतरी हैदराबादकडचा. त्याने पेटीत बघितलं. इनासभाऊ जाळीला खेटून उभे आणि आत रीम मान खाली घालून, त्यांच्या बोटांना नाक लावून उभी. डोक्यावर वीतभर जागा मोकळी.

"चाचा, पिछली बार इतना छोटा, इस बार इतना बडा?" ऑफिसर म्हणाला. "ऐसे नहीं होता. कुत्ता सीधा खडा होना मंगता. आप हटो उधर से. यल्ला, पीछे जाओ."

इनासभाऊ हलले नाहीत. त्याने परत सांगितलं. मग ते एक पाऊल मागे झाले. मग दुसरं. रीमने नाक जाळीला लावलं. ते पाठमोरे झाले आणि चालत दरवाजापर्यंत गेले. तशी रीमची मान वर यायला लागली. कान उभे राहिले, मान वर आली, आणखी वर आली. बाई गं, एवढी उंच होती ती! मी तिला अडीच वर्षं रोज बघत होते, आणि मला ती एवढी उंच आहे हे माहीत नव्हतं. मान शेवटपर्यंत ताणून ती दरवाजाकडे बघत होती. डोकं छताच्या खाली दोन बोटांवर थांबलं.

"ओके, खलास," ऑफिसर म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

मला माझीच लाज वाटली. मी बाहेर आले. इनासभाऊ पिकअपच्या सावलीत कठड्यावर बसले होते. मी म्हटलं, "पास झाली. इनासभाऊ, मी त्या दिवशी तुम्हांला उगाच बोलले."

"तसं नाही गं सुनंदा," ते म्हणाले. "माझ्याजवळ ती कधी मान वर करून उभीच राहिली नाही. मी मापलं तेव्हाही नाही. मला वाटलं, तेवढीच आहे ती."

मी शेजारी बसले. आत कुठेतरी ट्रॉलीचा आवाज झाला आणि रीम एकदा भुंकली. सलुकी सहसा भुंकत नाहीत. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. इनासभाऊ उठून उभे राहिले, आणि मग जाण्यासारखी जागाच नव्हती म्हणून तिथेच उभे राहिले.

"मला ती पाहिजे होती," ते म्हणाले. "मी कुणाला म्हटलं नाही, पण मला पाहिजे होती ती." आणि भर पार्किंगमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तो माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.